कुरुंद्यात शिवलेली बाळं

जन्मल्याबरोबर न रडलेलं प्रत्येक बाळ मेलेलं नसतं. पुष्कळदा त्याला श्वास घ्यायचं सुचलेलं नसतं, एवढंच. त्याला कोरडं पुसायचं, पाठ चोळायची, मान फार मागेही नाही आणि पुढेही नाही अशी सरळ ठेवायची. तरीही ते गप्पच राहिलं तर नाका-तोंडावर छोटा मास्क बसवून हातातली रबरी पिशवी दाबत त्याला हवा द्यायची. हे सगळं पहिल्या मिनिटात. ज्या नर्सच्या हातांना हे येतं तिच्या हातून बाळ वाचतं. जिला ते फक्त पुस्तकातून ठाऊक असतं तिचे हात चाचपडत राहतात आणि ते मिनिट निघून जातं.

हातांना शिकवायचं तर बाहुली लागते. आम्ही ती बाहुली हिंगोली जिल्ह्यात शिवतो आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत पाठवतो. सोबत शिकवणंही पाठवतो, कधी फोनवरून, कधी तिकडून इथे शिकायला आलेल्या आणि परत निघालेल्या मुलामुलींच्या हाताने. संस्थेचं नाव ‘पहिलं मिनिट’. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तीन विद्यार्थ्यांनी ती काढली, त्यातली एक मी.

पहिल्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या पाठीमागे आहे. नोंदणीच्या कार्यालयातल्या साहेबांनी तो विचारला, माझ्या आत्याने विचारला, वसमतच्या स्टँडवर चहावाल्यानेही विचारला. हिंगोलीत काय कमी आहे म्हणून आफ्रिका? माझे वडील वसमतला आयुष्यभर पत्रकं काढत आले. पाण्यावर, रेशनवर, देवाच्या नावाखाली चालणाऱ्या लुबाडणुकीवर. मी वाचायला शिकले तेच त्यांच्या पत्रकांच्या कच्च्या प्रुफांवर. त्यामुळे असल्या प्रश्नावर मला उत्तर सुचत नाही, भाषण सुचतं. ते इथे थोडक्यात देते. हिंगोलीत भरपूर कमी आहे. म्हणून इथल्या उपकेंद्रांतही आम्ही याच बाहुल्यांवर शिकवतो. पण गरज म्हणजे काही रांग नव्हे, की आधी आमचा नंबर लागू द्या, मग तुमचा. दुसऱ्याला काही देण्याआधी श्रीमंत व्हावं लागतं ही समजूत श्रीमंतांनी पसरवलेली आहे. आणि ‘आफ्रिका’ नावाचं एक गाव नाही. तिथे पुष्कळ देश आहेत, त्यातला एक मलावी, आणि तिथली एक मुलगी संभाजीनगरच्या नर्सिंगच्या होस्टेलवर माझ्या शेजारच्या पलंगावर झोपायची.

तिचं नाव तियामिके. मराठी ती माझ्याकडून शिकली, म्हणजे आमच्या हिंगोलीकडची मराठी शिकली. वॉर्डात एखादी बाळंतीण कण्हत असली की ही उंचपुरी, काळीभोर मुलगी तिच्या उशाशी जाऊन विचारायची, “काहून रडून राहिली माय?” बाई कळ विसरून हिच्याकडे बघत राहायची.

आमच्या कॉलेजात शिकायची बाहुली होती. परदेशी, महागाची, काचेच्या कपाटात. परीक्षेच्या दिवशी ती बाहेर यायची, परीक्षकांना दाखवली जायची आणि परत आत जायची. एकदा मी त्या कपाटासमोर उभी राहून चिडचिड करत होते, तेव्हा तियामिके म्हणाली की तिच्या जिल्ह्यातल्या नर्सिंगच्या शाळेतही एक अशीच बाहुली आहे आणि तीही अशाच कपाटात आहे. किल्ली मुख्य बाईंकडे. मला फार राग आला. दोन देश, एवढा मोठा समुद्र मध्ये, आणि कुलूप तेच.

आमच्या वर्गात माधव राठोड होता, आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा. कुठलीही वस्तू उघडून पुन्हा जोडणं हा त्याचा लहानपणापासूनचा धंदा. त्याने त्या बाहुलीचा काचेबाहेरूनच अभ्यास केला. रबराचं डोकं त्याने हिंगोलीतल्या एका कारागिराकडून साच्यात काढून घेतलं, नाकातून सलाइनची नळी आत नेली, छातीत सलाइनची रिकामी पिशवी बसवली. मास्क नीट बसला आणि मान सरळ असली तरच बाहुलीची छाती वर येते. मान वाकडी असली की छाती हलत नाही. एवढं जमलं की बाहुली झाली, बाकी सगळी कापडाची शिवण. पहिल्या बाहुलीच्या पोटात वजनासाठी आम्ही ज्वारी भरली होती. महिनाभराने एका सरपंचांपुढे प्रात्यक्षिक दाखवताना तिच्या काखेतून किडे चालत बाहेर आले. मग धुतलेली वाळू भरायला लागलो.

शिवणीसाठी आम्हाला कुरुंद्याच्या गयाबाई भेटल्या. बचत गटात शाळेचे गणवेश शिवायच्या. नवरा मेंढ्या-शेळ्यांमागे, थोडी शेती, शेतात हळद. गावातल्या चार-पाच जणींना घेऊन त्यांनी आमचं काम अंगावर घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात माझं त्यांच्याशी भांडण झालं. श्वास न घेणारं बाळ ढिलं असतं, त्याची मान लुळी पडते. शिकणारीला ती लुळी मान हातात धरायची सवय व्हावी म्हणून बाहुलीचा गळाही ढिला हवा. गयाबाई दर वेळी तो ताठ शिवायच्या. मी उसवून परत द्यायची, त्या पुन्हा ताठ शिवायच्या.

“मान पडलेलं लेकरू कोण शिवल माय?” त्या म्हणाल्या. “हात व्हत न्हाई.”

“गयामावशी, ते श्वास घेत नाहीये. म्हणून तर मान पडलीय.”

त्यांनी बाहुली मांडीवर आडवी घेतली आणि तिच्याकडे बघत विचारलं, “मंग तुमी त्याला जगवणार?”

“त्यासाठीच तर आहे ते.”

“असं म्हण की. मंग ठीक हाय.” आणि त्यांनी स्वतःच गळा उसवला.

त्यानंतर त्या बाहुल्या बाहुल्या राहिल्या नाहीत, ‘लेकरं’ झाली. शिवताना बायका त्यांना नावं ठेवायच्या. कुणाचं लेकरू जास्त गुटगुटीत यावरून एकमेकींना टोमणे मारायच्या. हिंगोलीतल्या एका दात्याने मोठी मदत देऊ केली, अट एवढीच की प्रत्येक बाहुलीच्या कपाळावर त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव छापायचं. मी त्यांना दातृत्व या विषयावर बरंच काही ऐकवून आले होते. गयाबाईंनी मात्र एवढंच विचारलं, की लेकराच्या कपाळावर म्हाताऱ्याचं नाव टाकल्यावर आई त्याला हाक काय मारणार? ती मदत अर्थातच आली नाही.

औंढ्यालाही एक फजिती झाली. यात्रेच्या गर्दीत आया-आज्या खूप येतात, म्हणून आम्ही देवळाच्या रस्त्याला एक टेबल टाकलं, पांढऱ्या कापडावर बाहुली ठेवली आणि माधव माइकवरून समजावून सांगायला लागला. तासाभरात बाहुलीपुढे फुलं पडली, नाणी पडली, एका आजीने तर दोन्ही हात जोडून डोकं टेकवलं. मी नास्तिक बापाची लेक. मी नाणी परत करत लोकांच्या मागे धावत होते आणि लोक घाबरून आणखी भक्तिभावाने नमस्कार करत होते. माधव माइक बंद करून पोट धरून हसत होता.

बाहुल्या मलावीला जातात त्या माणसांच्या सामानातून. संभाजीनगरला, पुण्याला शिकणारी तिकडची मुलं घरी निघाली की आम्ही एकेकाच्या बॅगेत बसतील तेवढ्या कोंबतो. विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रात बॅगेतून लहान मुलाचा आकार दिसला की काय होतं, हे त्या मुलांनाच विचारावं. आता ती आधीच मास्क आणि रबरी पिशवी हातात तयार ठेवतात आणि सुरक्षेच्या माणसांपुढे प्रात्यक्षिक करून दाखवतात. आमच्याकडून सगळ्यात जास्त शिकलेला वर्ग बहुतेक तोच असावा.

आणि याच रस्त्याने आमच्या हातून ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

तोवर तियामिके आपल्या देशात परतून नर्सच्या शाळेत शिकवायला लागली होती. एरवी सगळ्या बाहुल्या तिच्याकडे पोचायच्या आणि ती त्या वाटायची. त्या वेळी चिकोंडी नावाचा एक विद्यार्थी थेट आपल्या गावी निघाला होता. गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर एस्नात म्हणजे आमच्या सगळ्यात कडक आणि सगळ्यात चांगल्या शिक्षिका. बाहुल्या त्यांनाच हव्या होत्या, म्हणून त्याने बॅग सरळ त्यांच्या हातात दिली. तियामिकेने त्या बघितल्याच नाहीत. बघितल्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं, कारण हळद म्हणजे काय हे तिला होस्टेलच्या मेसने चार वर्षं शिकवलं होतं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. बाळाची नाळ कापल्यावर जो तुकडा बेंबीला राहतो ती एक उघडी जखमच असते. ती कोरडी, मोकळी ठेवली की काही दिवसांत आपोआप वाळून गळते. त्यावर काही थापलं तर घाण आत जाऊन बेंबी पिकते, आणि तेवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. पण नुसतं सोडून देणं हे जगातल्या कुठल्याच आजीला काळजी घेणं वाटत नाही. आपल्याकडे हळद लावतात, तेल लावतात, पावडर लावतात. सिस्टर एस्नातच्या गावात चुलीतली राख लावायचे. एस्नातबाई वर्षानुवर्षं त्या राखेशी भांडत होत्या. बाळाचं सगळं आजीच्या हातात असतं, म्हणून त्या गरोदर बायकांबरोबर आज्यांनाही केंद्राच्या व्हरांड्यात बोलवायच्या आणि बाहुलीवर सगळं करून दाखवायच्या. हळूहळू गाव त्यांचं ऐकायला लागलं होतं.

त्या दिवशी त्यांनी आमची नवी बाहुली सगळ्यांसमोर पिशवीतून काढली, दुपटं सोडलं, आणि बाहुलीच्या बेंबीवर पिवळाधमक ठिपका.

पुढच्या ओळीत एक म्हातारी बसली होती. तिकडे आजीला आगोगो म्हणतात, आणि गावात नुसतं आगोगो म्हटलं की ही, एवढा तिचा दरारा. ती उठली, जवळ आली, तिने बोट लावलं, वास घेतला आणि विचारलं की हे काय आहे. एस्नातबाईंना माहीत नव्हतं. म्हातारी व्हरांड्याकडे वळून म्हणाली, हे भारतातून आलंय, शिकलेल्या नर्सनी पाठवलंय, आणि त्यांनी बेंबीला लावलंय. मग ही सिस्टर आम्हाला इतकी वर्षं काय सांगत होती?

एस्नातबाई बाहुली आत घेऊन गेल्या आणि घाईघाईने साबणाने घासून तिला परत बाहेर घेऊन आल्या. ज्याने हळद लागलेलं कापड एकदा तरी धुतलंय त्याला कळलं असेल काय झालं ते. साबण लागला की हळद लाल होते. म्हातारीने बघितलं आणि हात झटकले. औषध काढलंस ना? आता बघ, बेंबी सुजली.

सगळा व्हरांडा हसला. एस्नातबाईंनी बाहुल्या कपाटात टाकल्या आणि वर्ग बंद केला. तियामिकेचा मला फोन आला तेव्हा तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच कडवटपणा ऐकला. आगोगोच्या घरात नातीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. अलीकडे राखेला नको म्हणायला लागलेली म्हातारी आता उघड सांगत होती की चुलीतली राख मी चाळून ठेवलीय. आणि तिच्या घरात जे होतं ते गावात होतं. एस्नातबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. हे कुणी लावलं? आणि मी आता लोकांना काय सांगू?

माधवच्या गाडीवर मागे बसून मी कुरुंद्याला निघाले. अंधश्रद्धेवरचं एक आख्खं पत्रक वाटेत माझ्या डोक्यात तयार झालं होतं, मथळ्यासकट. हळद काढणीचे दिवस होते. शेताशेतांत कढया लागलेल्या, वाफेचा तो मातकट वास, अंगणं पिवळी, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे. ते हात बघून माधव हळूच मला म्हणाला, काम करता करता लागली असेल गं, चुकून.

त्याने गयाबाईंसमोरही तेच सांगून बघितलं. हात हळदीचे असतील मावशी, लक्षात आलं नसेल.

गयाबाईंनी मशीन थांबवलं. “चुकून कशी लागल? मीच लावली. समद्यांना लावली.”

“कशासाठी?” मी विचारलं.

“कशासाठी म्हणजे? नवं कापड हाय. नव्या कापडाला हळदीचं बोट लावल्याबगर कोणी अंगाला लावतं का? लुगडं असलं तर कोपऱ्याला लावावं. लेकराला कोपरा कुठं हाय? म्हणून बेंबीला लावली.” आणि मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, “इतकं दूर चाल्लं लेकरू. कोरं कसं धाडावं?”

आम्ही बाहुल्या तपासून दिल्यावर, बॅगा भरायच्या आधी, सगळ्याजणींनी मिळून या खेपेला पहिल्यांदाच ते केलं होतं. प्रेमानेच केलं होतं. पण माझ्या डोक्यात पत्रक होतं आणि ते मी तिथे उभ्या उभ्या म्हणून दाखवलं. तिकडच्या नर्सची सगळी मेहनत पाण्यात गेली, तिथे आता बेंब्या पिकणार, लेकरं दगावणार, सगळं. एकेक करत मशीनं थांबली. कोपऱ्यात गयाबाईंची लेक रेखा बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. मी तिच्याकडे बोट करून विचारलं, “उद्या हिच्या लेकराच्या बेंबीलाही लावणार का?”

“आमची हळद घरची हाय,” गयाबाई म्हणाल्या. “इकतची न्हाई.”

माधवने मला बाहेर नेलं, पाणी दिलं आणि सांगितलं की समता, तू बरोबर आहेस, पण आता जरा गप्प राहा. आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा गयाबाई मागोमाग आल्या. त्यांना एकच विचारायचं होतं. तिकडच्या नर्सबाईला लोक खरंच हसले का?

माधव म्हणाला, हसले.

“माझ्या लेकरापायी तिची इज्जत गेली.” त्या बराच वेळ पदराच्या टोकाने बोटं पुसत राहिल्या. “त्या म्हातारीला फोन लावता येतो का? मला बोलू दे तिच्याशी.”

दोन दिवसांनी ते जमलं. तियामिके त्या केंद्रावर गेली. तिकडे व्हरांड्यात एस्नातबाई, बायका आणि पुढच्या बाकावर आगोगो. इकडे गयाबाईंच्या अंगणात सगळा गट. फोन एका हळदीच्या पोत्याला टेकवून ठेवलेला. मध्ये दुभाषी म्हणून आमची तियामिके. तिने पडद्यावर येऊन “काय करून राहिल्या मावशी?” म्हटलं तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी फोनजवळ सरकले तर गयाबाईंनी मला हाताने मागे केलं. तू गप बस माय, तुझं झालंय बोलून.

त्यांनी आधी कापडाचा आणि कोपऱ्याचा सगळा प्रकार सांगितला. मग पांढऱ्या फडक्याला हळद लावली, ते फोनसमोर धरलं, त्यावर साबण चोळला. फडकं लाल झालं. तिकडे एकदम गलका झाला. गयाबाई म्हणाल्या, म्हणावं तिला, ही काही सूज न्हाई, हळदीची खोडच हाय ही, आणि लेकरं उन्हात घाला, डाग आपसूक जाईल. तियामिकेने ते सांगितलं तेव्हा एस्नातबाई हसलेल्या मी पाहिल्या. आगोगो हसली नाही. तिने एकच प्रश्न विचारला आणि तियामिके तो सांगायला जराशी घुटमळली.

“मावशी, ती विचारते, बाहुलीचं समजलं. तुमच्या खऱ्या नातवंडांच्या बेंबीला तुम्ही काय लावलं?”

मी मनातल्या मनात गयाबाईंना सांगत होते, काही नाही म्हणा, काही लावलं नाही म्हणा. पत्रकं वाचून वाढलेल्या मुलीला त्या क्षणी खोटं चाललं असतं.

“लावली,” गयाबाई म्हणाल्या. “हळदच लावली. चौघांना लावली. तिघांना काही झालं न्हाई. धाकट्या नातीची पिकली. ताप आला, दूध सोडलं. नांदेडला न्यावं लागलं. जगली, पण लई तकलीफ झाली. हळद खराब व्हती असं म्हणलं आमी. शेजारणीकडली व्हती.”

तियामिकेने ते सगळं सांगितलं, काही न वगळता. आगोगो ऐकत होती. मग ती बोलू लागली, बराच वेळ, खाली बघत. तिच्या एका मुलाची गोष्ट होती, फार जुनी. तो वाचला नव्हता. तिनेही तेव्हा म्हटलं होतं की राख बाभळीच्या लाकडाची नव्हती म्हणून.

कुणी कुणाला काही शिकवलं नाही त्यानंतर. दोघी एकमेकींच्या लेकरांचं विचारत राहिल्या. किती, कुठे असतात, सुना ऐकतात का. सुना ऐकत नाहीत यावर इकडचं अंगण आणि तिकडचा व्हरांडा एकमताने हळहळले. शेवटी आगोगोने बोट उगारून काहीतरी म्हटलं.

तियामिके हसत होती. “ती म्हणते, माझ्या नातीला या महिन्यात होणार, तुमच्या लेकीलाही. तुम्ही नाही लावली तर मीही नाही लावणार. पण तुम्ही तिकडे लावून मला न लावल्याचं सांगितलं तर? मला इथून काय दिसतं?”

गयाबाई पोत्याकडे झुकल्या. “म्हणावं, दाखवीन. उघडं करून दाखवीन. तिनं बी दाखवावं.”

दुसऱ्या दिवशी एस्नातबाईंनी फोटो पाठवला. केंद्राच्या भिंतीवर आमच्या बाहुल्या ओळीने उन्हात वाळत पडलेल्या, बेंब्या वर करून. वर्ग पुन्हा सुरू झाला होता. मी ते पत्रकही शेवटी लिहिलं, छापलं. पहिली प्रत गयाबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बराबर हाय समदं, पर यात बोलून कोण राहिलं ते समजत न्हाई. गठ्ठा अजून संस्थेच्या माळ्यावर आहे. अधूनमधून वाटतं, सगळा पुन्हा लिहावा. माधव आता आखातातल्या एका दवाखान्यात नोकरीला आहे. घरची गरज होती, मी त्याला दोष देत नाही, पण नवी बाहुली बिघडली की मला त्याचा राग येतो आणि मग मी त्याला फोन करून नळी कशी बसवायची ते विचारते.

रेखा कुरुंद्याच्याच सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. बाळ लगेच रडलं, आमची कुणाचीच गरज पडली नाही. पाचवीच्या दिवशी मी गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. पूजा झाली होती. रेखाची सासू आली होती, आणि तिने वाटीत तेलात कालवलेली हळद आणली होती. बाळाचं दुपटं तिने सोडायला घेतलं.

गयाबाईंनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली. मी आता समजावणार होते, तोंड उघडलंही होतं. विहीणबाई चिडल्या. आमच्या घरात हे चालत न्हाई, त्या म्हणाल्या, आमच्या समद्या लेकरांना लावलीय, तुमचं काय नवीन? विहिणीला दुखवणं म्हणजे काय हे मला सांगायला नको. लेक तिच्या घरी नांदायची होती. रेखा पलंगावर बसून आईच्या तोंडाकडे बघत होती.

“न्हाई लावायची विहीणबाई,” गयाबाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणून राहिले म्हणून न्हाई. या पोरीनं सांगितलं म्हणून बी न्हाई. मी एका बाईला शब्द दिला.”

“कोण बाई?”

“हाय एक. दूर राहती.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लाव माय तिला फोन.”

तियामिकेने एस्नातबाईंना कळवलं आणि दुभाषी म्हणून स्वतःही फोनवर आली. नेटवर्क लागेपर्यंत विहीणबाई पाठ करून बसल्या होत्या. पडदा उजळला तेव्हा मात्र त्याही वळल्या, कारण पडद्यावर आगोगो होती, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली. गयाबाईंनी नातीचं दुपटं सोडलं आणि फोन अगदी जवळ धरला. बेंबी कोरडी होती, नाळेचा काळपट तुकडा वर उभा.

“नीट बघ म्हणावं. काही लावलेलं न्हाई.”

तिकडे थोडी हालचाल झाली. सुरकुतलेले दोन हात पडद्यात आले आणि त्यांनी नातीचं उघडं, हातपाय झाडणारं बाळ समोर धरलं. इवलंसं पोट, मध्ये स्वच्छ, बंद झालेली बेंबी. राखेचा कणही नव्हता. दोन्ही घरांतल्या बायका पुढे वाकून बघत होत्या. विहीणबाई तर माझ्या खांद्यावर हात टेकून बघत होत्या.

गयाबाईंनी डोळे बारीक करून तिकडच्या बाळाची बेंबी निरखली, मग आपल्या नातीची निरखली.

“तिची गळली बी,” त्या जराशा नाराजीने म्हणाल्या. “आपली अजून हाय.”